किट बसवले म्हणजे वॉरंटी गेली?

ईदला दहा-बारा दिवस राहिले होते. मिरजेहून धाकट्या बहिणीचा फोन आला आणि तिच्या आवाजावरूनच कळले की काहीतरी बिनसले आहे. तिचा मुलगा दोन दिवस गाडी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये लावून घरी बसला होता. "भाईजान, ते म्हणतात वॉरंटी गेली. गाडी घेऊन चौदाच महिने झालेत. तुम्ही एकदा येऊन त्यांच्याशी बोला," एवढे बोलून तिने फोन त्याच्याकडे दिला. तो तर बोलायच्याही मनःस्थितीत नव्हता.

मिरज हे दवाखान्यांचे गाव. कर्नाटकातून, कोल्हापूर-सोलापूरच्या बाजूने रोज पेशंट येतात आणि त्यांना घरी सोडायला, पुन्हा तपासणीला आणायला गाड्या लागतात. आमचा भाचा हेच काम करतो. गाडी पिवळ्या पाटीची, बँकेचे कर्ज काढून घेतलेली. सुरुवातीची रक्कम भरायला बहिणीने आपल्या बांगड्या गहाण ठेवल्या होत्या. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो. गाडी चालो की उभी राहो, तो थांबत नाही.

आता एक कबुली. गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवायचा सल्ला आमचाच होता. कंपनीची सीएनजी गाडी हवी तर जवळपास नव्वद हजार जास्त आणि वर काही महिन्यांची प्रतीक्षा. बाहेर किट बसते साठ हजारांत, एका दिवसात. आम्ही कागदावर हिशेब मांडला, पेट्रोल आणि गॅसच्या खर्चातला फरक दाखवला आणि पोराला म्हणालो, "बसवून घे बेटा, सहा-आठ महिन्यांत पैसे वसूल." हिशेब चुकीचा नव्हता, पण त्यात एक रकाना नव्हता. वॉरंटीचे पुस्तक आम्ही दोघांनीही उघडले नव्हते.

गाडीत एकाच वेळी तीन गोष्टी बिघडल्या होत्या. एसीचा कॉम्प्रेसर बंद. इंजिन मिसिंग करत होते, विशेषतः गॅसवर. आणि हेडलाईटचा स्विच वितळून त्यातून जळका वास येत होता. वर्कशॉपच्या माणसाने बॉनेट उघडले, गॅसची पाइप पाहिली आणि बॉनेट बंद केले. "बाहेरचे किट आहे. वॉरंटी कॅन्सल." तिन्ही कामांचा खर्च त्याने तोंडीच साठ हजारांच्या आसपास सांगितला.

आम्ही मिरजेला गेलो आणि गाडीच्या कप्प्यातले ते पुस्तक आधी बाहेर काढले. प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा फाडलेली नव्हती. इंग्रजी, बारीक अक्षर. पण वॉरंटी कशाला लागू नाही हे सांगणारे पान एकच असते आणि ते दोनदा सावकाश वाचले की समजते. आपल्या देशातल्या पुस्तिकांमध्ये या ठिकाणी साधारण दोन प्रकारची भाषा आढळते. पहिला प्रकार म्हणतो, बदल केल्यामुळे किंवा कंपनीने मान्य न केलेल्या भागामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येणार नाही. दुसरा प्रकार अधिक कडक आहे. ज्या गाडीत बदल केला आहे, त्या गाडीला वॉरंटी लागू नाही, असे तो सरळ म्हणतो. वाचायला दोन्ही सारखेच वाटतात. फरक आहे तो 'मुळे' या दोन अक्षरांचा. पहिल्या प्रकारात बदल आणि बिघाड यांचा संबंध असायला हवा. दुसऱ्यात कंपनी संबंध न दाखवताच हात झटकू पाहते. भाच्याच्या पुस्तिकेत 'मुळे' होते. आम्ही त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली.

पुस्तिका दुसऱ्या प्रकारची असली म्हणून लगेच हातपाय गाळायचे कारण नाही. आपल्या देशातल्या स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध एक मोठा आदेश दिला होता. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, हा त्यांच्यावरचा मुख्य ठपका होता आणि दंड अडीच हजार कोटींहून अधिक होता. त्या आदेशात वॉरंटीबद्दलही सांगितले होते. ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. पुढे अपिले झाली, दंडाच्या रकमेवर वाद चालला. शिवाय तो आदेश दुरुस्तीविषयी आहे, गाडीत नवी वस्तू बसवण्याविषयी नाही. हे दोन्ही एकच समजून भांडायला गेलो तर समोरचा वकील आपल्याला तिथेच अडवील. पण विचाराची दिशा त्यातून कळते. बिघाड ज्यामुळे झाला, जबाबदारी त्याची.

हाच धागा धरून आम्ही तिन्ही बिघाड वेगवेगळे केले. जुन्या बसस्टँडजवळ एक बुजुर्ग मिस्त्री आहेत. भाचा त्यांना चाचा म्हणतो. त्यांना गाडी दाखवली. चाचांनी चहा मागवला आणि एकेक गोष्ट समजावून सांगितली.

हेडलाईटचे आधी, कारण ते सोपे होते. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॉटचा होता. रात्री बेळगाव रस्त्यावर उजेड कमी पडतो म्हणून भाच्याने १००/९० वॉटचे बल्ब टाकले होते. दुकानात दीड-दोनशे रुपयांना मिळतात. बारा व्होल्टच्या बॅटरीवर ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर वीज ओढतो, १०० वॉटचा आठाच्या वर. वायर आणि स्विच मात्र तेच. विजेचा प्रवाह वाढला की वायरमधली उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे इथे जवळपास पावणेतीन पट. एवढा ताप त्या स्विचला सोसणारा नव्हता. तो वितळला. वर हे बल्ब रस्त्यावर कायदेशीरही नाहीत आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतात ते निराळेच. चाचा म्हणाले, "यात कंपनीचा काय गुनाह? हे पैसे तू भर." भाच्याने मान डोलावली.

इंजिनाचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे होते. पेट्रोल गाडीत पेट्रोलचा फवारा आत येताना व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवर पडतो, त्याला थोडा गारवा आणि थोडा ओलावा देतो. सीएनजी कोरडा. तो जळतो चांगला, धूर कमी करतो, पण व्हॉल्व्ह आणि तो जिथे टेकतो ती सीट यांच्यामध्ये कोरडे घर्षण होते. सीट हळूहळू झिजते. ती झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट बुजते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा होतो. बाहेर जाणाऱ्या धुराचा जो व्हॉल्व्ह असतो त्याची उष्णता सीटला टेकल्यावरच उतरते. तो टेकलाच नाही तर त्याची कड जळते. मग इंजिन मिसिंग करते, पिकअप जातो. किटमधून गॅस गरजेपेक्षा कमी जात असेल तर हे आणखी लवकर होते. कंपनी जेव्हा स्वतः सीएनजी गाडी काढते तेव्हा आत जास्त कडक धातूच्या सीट घालते, मागच्या स्प्रिंगा सिलिंडरच्या वजनाला पुरतील अशा देते आणि गॅस-पेट्रोलचा कारभार आपल्याच संगणकाच्या हाती ठेवते. त्या नव्वद हजारांत हेही असते. आमच्या कागदावरच्या हिशेबात ते आले नव्हते.

बाहेरचे किट काय करते? पेट्रोलच्या इंजेक्टरकडे जाणारी वायर कापून मध्ये आपला छोटा संगणक बसवते. पेट्रोल इंजेक्टर बंद ठेवते आणि गाडीच्या मूळ संगणकाला वाटत राहते की ते चालू आहेत. चांगल्या फिटरने कपलर वापरून, मापात हे केले तर गाडी वर्षानुवर्षे चालते, अशी कितीतरी उदाहरणे आहेत. पण व्हॉल्व्ह जळल्यावर कंपनी म्हणाली की हे किटमुळे झाले, तर तिचे म्हणणे खोडून काढायला आपल्याकडे फारसे काही उरत नाही. किट बसवणाऱ्याकडे भाचा आधीच जाऊन आला होता. "किट चोख आहे, तुमच्या इंजिनातच दोष असेल," हे उत्तर मिळाले होते. किटची वॉरंटी किटच्या भागांपुरती होती, इंजिनाबद्दल तिच्यात अवाक्षर नव्हते. किट घेताना हा प्रश्न विचारून बिलावर लिहून घ्यायला हवे होते. आम्ही विचारला नाही.

राहिला एसीचा कॉम्प्रेसर. चाचांनी पट्टा पाहिला, वायर पाहिली. किटच्या वायरमनने तिकडे हातही लावलेला नव्हता. बाहेरचा टचस्क्रीन बसवला होता, पण त्याची वीज वेगळ्या फ्यूजवरून घेतली होती. कॉम्प्रेसरचे बेअरिंग आतून गेले होते. "याचा गॅसशी काय संबंध? सीएनजीशी नाही म्हणतोय मी, कशाशीच नाही," चाचा म्हणाले. तिन्हींत महाग हाच भाग होता, पंचवीस हजारांच्या पुढे.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये गेलो ते आवाज चढवायला नाही. बहिणीने बजावले होते, "भाईजान, भांडू नका, गाडी त्यांच्या ताब्यात आहे." आम्ही फक्त एक अर्ज नेला होता, मराठीत, एका पानाचा, दोन प्रतींत. त्यात एवढेच होते: तिन्ही बिघाड जॉब कार्डवर वेगवेगळे नोंदवावेत. प्रत्येकापुढे नेमका कोणता भाग खराब झाला ते लिहावे. वॉरंटी नाकारत असाल तर कोणत्या बदलामुळे तो भाग खराब झाला आणि पुस्तिकेतील कोणत्या कलमाखाली नाकारता, ते लिहून द्यावे. जुने भाग आमच्या परवानगीशिवाय टाकून देऊ नयेत. दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली.

मॅनेजरने अर्ज दोनदा वाचला. 'वॉरंटी कॅन्सल' हे बोलणे फार सोपे असते. ते सही करून लिहून देणे तेवढे सोपे नसते. कॉम्प्रेसर सीएनजीमुळे गेला, असे लिहायला तो तयार होईना. "वरच्या ऑफिसला विचारतो," म्हणाला. आम्ही कंपनीच्या ग्राहक सेवेलाही तीच प्रत ईमेलने पाठवली, जॉब कार्डचा फोटो जोडून. सहा दिवस लागले. कॉम्प्रेसर वॉरंटीत बदलून मिळाला. इंजिनाचे हेड उतरवून दोन व्हॉल्व्ह आणि सीटचे काम भाच्याच्या खिशातून झाले, एकतीस हजार. ते आम्ही चाचांच्या ओळखीच्या ठिकाणी नाही, त्याच वर्कशॉपमध्ये करून घेतले, म्हणजे पुढे त्या कामाबद्दल दोन ठिकाणी बोटे दाखवली जाणार नाहीत. स्विचचे साडेतीन हजार. ईदच्या आदल्या दिवशी गाडी घरी आली. एकतीस हजारांतले निम्मे आम्ही दिले. सल्ला आमचा होता.

असे नेहमीच घडते असे कोणी समजू नये. वर्कशॉपने ऐकलेच नसते तर? मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, क्रमांक १९१५. तिथेही मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचे ऑफिस दिल्लीत असो की चेन्नईत. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असली की जिल्हा आयोग चालतो. फी किमतीप्रमाणे आहे: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवे. पुस्तिकेतली अटच एकतर्फी आहे असे म्हणायचे असेल तर त्याला या कायद्यात अन्याय्य कराराचे वेगळे कलम आहे, पण ती तक्रार जिल्ह्याला नव्हे, राज्य आयोगाकडे न्यावी लागते.

भाच्यासारख्यांना इथे एक भीती घातली जाते. गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही, असे सांगतात. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ग्राहक नसतो हे खरे. पण त्याच कलमात पुढे लिहिले आहे की फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू त्यात मोडत नाही. एक गाडी, चालवणारा तोच, घर त्यावर चालते. असा माणूस ग्राहकच. चार गाड्या आणि चार ड्रायव्हर ठेवणाऱ्याला मात्र हे म्हणता येणार नाही. आयोगात गेल्यावर बिघाडाचे कारण सिद्ध करावे लागते आणि तिथे तज्ज्ञाचा अहवाल कामाला येतो. म्हणूनच जुना भाग टाकू न देण्याची ओळ अर्जात घातली होती.

वॉरंटीच्या पलीकडे आरटीओ आणि विमा ही आणखी दोन दारे आहेत. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाहून वेगळे होईल असा बदल करता येत नाही. इंधन बदलण्याला कायद्यात वेगळी मुभा आहे, पण मंजूर किट, मान्यताप्राप्त केंद्र आणि आरसीवर नोंद एवढे हवे. कर्ज असेल तर बँकेची संमती. विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर किट चढवून घ्यायचे, त्याचा थोडा जादा हप्ता पडतो. हे न करता गाडीला आग लागली किंवा अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो आणि तेव्हा प्रश्न पंचवीस हजारांच्या कॉम्प्रेसरचा राहत नाही. भाच्याने आरसीवर नोंद केली होती. पॉलिसीवर केली नव्हती. ती आम्ही तिथल्या तिथे करून घेतली.

आता आमच्या घरांमधून जे बदल जास्त दिसतात त्यांच्याविषयी थोडे. बेस मॉडेल घ्यायचे आणि स्क्रीन, पॉवर विंडो, रिव्हर्स कॅमेरा बाहेरून बसवायचा, ही रीत सर्रास आहे. पैसे वाचतात हे नाकारत नाही. पण वायर कापून टेप मारणाऱ्या माणसाला परत पाठवा. कपलरला कपलर जोडणारा शोधा, त्याचे पन्नास-शंभर जास्त गेले तरी. आजच्या गाड्यांत एकच वायर चार कामांचे निरोप नेते आणि ती कापली की एरवी कंपनीने मुकाट बदलला असता तो भागही वादात सापडतो. शोरूममध्येच बसवलेली वस्तू म्हणजे कंपनीचीच, असेही धरू नका. डीलर कित्येकदा बाजारातला माल बसवतो. बिलावर भागाचा नंबर आहे का ते पाहा.

टायर थोडे रुंद घेतले तर आकाशपाताळ एक होत नाही. १६५/८० आर १४ च्या जागी १८५/७० आर १४ घातला तर चाकाच्या उंचीत एक टक्काही फरक पडत नाही. मात्र मोठी अलॉय चाके बाहेरच्या बाजूला काढून बसवली की बेअरिंग आणि सस्पेन्शनवर भार येतो आणि ते भाग गेले की कंपनी चाकाकडे बोट दाखवणार. पुढचा लोखंडी गार्ड तर केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरातच बेकायदा ठरवला आहे. टक्कर झाली की एअरबॅग कधी उघडायची हे ज्या सेन्सरवर ठरते त्याचा अंदाज तो गार्ड बिघडवतो. मोटारसायकलचा सायलेन्सर बदलणाऱ्या पोरांना आमचे सांगणे एवढेच की बीएस ६ गाडीत सायलेन्सरच्या मार्गातच सेन्सर आणि धूर साफ करणारा भाग असतो, नुसता आवाज नसतो.

सीटकव्हरकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. नव्या गाड्यांत पुढच्या सीटच्या बाहेरील कडेला एअरबॅग असते, तिथे छोटी पट्टी किंवा खूण शिवलेली असते. वरून जाड रेक्झिनचे घट्ट कव्हर चढवले तर ती फुटून बाहेर येणार कशी? अशा सीटसाठी कडेची शिवण उसवेल अशी कव्हरे मिळतात. बहिणीने भाच्याच्या गाडीसाठी हौसेने मरून रंगाची कव्हरे शिवून घेतली होती. आम्ही ती काढायला लावली तेव्हा ती दोन दिवस आमच्याशी नीट बोलली नाही.

भाचा आता पहिले दोन-तीन किलोमीटर पेट्रोलवर चालवतो, दर सर्व्हिसला टॅपेटची फट तपासून घेतो आणि बिले एका प्लॅस्टिकच्या फाइलीत ठेवतो. बल्ब परत ६०/५५ चे आहेत. डिकीतले सिलिंडर दर तीन वर्षांनी दाबाच्या चाचणीला न्यावे लागते, गॅस त्यात २०० बारच्या दाबाने भरलेला असतो. त्याच्या गाडीची ती तारीख बहिणीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे, बांगड्या सोडवायच्या तारखेच्या खाली.